दुसरी गाडी

साडेबाराशे टन वजन डोक्यावर असताना माणूस निवांत डबा खाऊ शकतो, हे मला ठाणे खाडीच्या काठावरच्या एका साइटवर कळलं. पाच-पाच टनांचे अडीचशे काँक्रीट ब्लॉक गर्डरांवर रचलेले होते. या रचनेला केंटलेज म्हणतात. खाली माणूस वाकून उभा राहील एवढीच जागा, मधोमध पाइलचं, म्हणजे जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाचं, डोकं, त्यावर चार जॅक. जॅक वरच्या ओझ्याला रेटा देतात, ओझं जागचं हलत नाही, म्हणून पाइल खाली दाबली जाते. आम्हाला हजार टन लावायचे होते. कोडप्रमाणे वरचं ओझं त्याच्या निदान सव्वापट हवं, म्हणून साडेबाराशे.

रात्रीचे साडेदहा झाले होते. जॅकवर चारशे टन चढले होते. मी एका हातानं पोळीभाजी खात होते, दुसऱ्या हातानं रीडिंग लिहीत होते. एका आकड्यापाशी घास तसाच राहिला.

त्या आकड्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

मुंबई म्हणजे काळा पाषाण, असं आपण सहज म्हणून जातो. पण पाषाण कुठं लागेल याचा नेम नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पायात ६०४ मोठ्या पाइल आहेत. काही ६ मीटरवर थांबल्या, काहींना ३४ मीटर खाली जावं लागलं. खाडीकाठी तर वर भराव, खाली काळाशार गाळ, मग पिवळी चिकट माती, मुरूम, कुजका खडक आणि सगळ्यात शेवटी धरण्याजोगा दगड. आमच्या साइटवर तीन मीटर भराव, त्याखाली बारा मीटर गाळ. एवढा मऊ की बोअरमधून आलेला नमुना बोटानं दाबला तर ठसा उमटायचा. वीस मीटरनंतर ज्वालामुखी राखेचा आणि दगडगोट्यांचा ब्रेसिया. त्यात चार मीटर घुसायचं, म्हणजे सॉकेट करायचं. एकूण पाइल चोवीस मीटर, व्यास एक मीटर, काँक्रीट एम ४०. प्रत्येक पाइलनं चारशे टन पेलावेत, अशी डिझाइनरची अपेक्षा.

पाइल वजन दोन तऱ्हांनी पेलते. एक, अंगानं: भोवतीची माती आणि दगड तिला घट्ट धरून ठेवतात. दोन, पायानं: तळ दगडावर टेकलेला असतो. यातलं कोण किती उचलतं, हे वरून दिसत नाही. नेहमीच्या लोड टेस्टमध्ये आपण डोक्यावर वजन देतो आणि डोकं किती खचलं ते डायल गेजवर बघतो. आयएस २९११ च्या चौथ्या भागात त्याचे नियम आहेत. कामातल्या पाइलवर दीडपट वजन देतात. सुरुवातीच्या चाचणीच्या पाइलवर अडीचपट, आणि ते पूर्ण वजन चोवीस तास ठेवायचं. पाइल पास की नापास, एवढं त्यातून कळतं. पास झाली तर कुणाच्या जोरावर, हे कळत नाही. आमच्या डिझाइनरला तेच हवं होतं, कारण हिशेबात त्यांनी निम्मं वजन तळावर टाकलेलं होतं आणि सॉकेट आणखी खोल न्यायचं का, यावर बैठका चालल्या होत्या. चिझल मारून दगडात अर्धा मीटर जायला कधीकधी अख्खा दिवस लागतो. तेव्हा हा प्रश्न पैशाचाही होता.

म्हणून पाइलच्या पोटात सेन्सर ठेवायचे ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

आम्ही वापरले ते व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये आंद्रे कॉइन या धरण बांधणाऱ्या अभियंत्यानं १९३० च्या सुमारास ती धरणांच्या पोटात वापरली. नळीत एक पोलादी तार ताणून बसवलेली असते. बाहेरून विजेचा झटका दिला की शेजारची कॉइल ती तार छेडते आणि तार सेकंदाला किती वेळा कंप पावते ते मोजते. काँक्रीट दाबलं गेलं की तार सैल पडते आणि सूर उतरतो. तंबोरा लावताना खुंटी सैल केल्यावर होतं तेच. आमच्या जुन्या रीडआउटला छोटा स्पीकर होता. बटण दाबलं की आधी 'टिंग' ऐकू यायचं, मग आकडा यायचा. केबल कितीही लांब असली तरी सुराची उंची बदलत नाही, म्हणून जमिनीखालच्या कामाला हा गेज सोयीचा. आत एक थर्मिस्टरही असतो. तो तापमान सांगतो, आणि पुढं त्यानंच मला वाचवलं.

गेज जवळपास दीड मीटर लांबीच्या सळीच्या मधोमध बसवून येतो. ती सळी पाइलमधल्या सळयांच्या पिंजऱ्याच्या, म्हणजे केजच्या, मुख्य सळईला शेजारून बांधायची. तिला सिस्टर बार म्हणतात. बांधायची ती बाइंडिंग वायरनं. वेल्डिंगची ठिणगीसुद्धा जवळ येऊ द्यायची नाही. सहा पातळ्या ठरवल्या: दीड, सात, साडेबारा, साडेसतरा, साडेवीस आणि साडेतेवीस मीटर. प्रत्येक पातळीवर चार गेज, चार दिशांना, म्हणजे वजन एका बाजूला कललं तरी सरासरी बरोबर येते. एकूण चोवीस. केज आडवं पडलेलं असताना दोन दिवस मी आणि एक हेल्पर त्यात शिरून केबली बांधत होतो. प्रत्येक केबलला तीन ठिकाणी टॅग, शिवाय पातळीप्रमाणे रंगीत टेप. हायड्रा क्रेननं केज उभं केलं तेव्हा त्या रंगीत केबली वाऱ्यावर हलत होत्या आणि फिटर मंडळी म्हणाली, "मॅडम, दिवाळीची माळ लावलीत."

काँक्रीटच्या दिवशी माझी सगळ्यांशी भांडणं झाली. काँक्रीट तळाशी नेणारा ट्रेमी पाइप गेजला घासू नये म्हणून मी ओरडत होते. पाइप उतरवणारे म्हणत होते की तो कुठून तरी जाणारच. शेवटी माल भरला गेला. ट्रेमीत माल तळापासून वर चढतो आणि बोअरच्या भिंतींना आधार देणाऱ्या बेंटोनाइटच्या पातळ चिखलाला वर ढकलतो. काँक्रीटची प्रत्येक गाडी रिकामी झाली की साखळीला वजन बांधून ती सोडायची आणि माल कुठवर आला ते बघायचं. ट्रेमीचं टोक मालात बुडालेलंच राहायला हवं, नाहीतर मध्येच बेंटोनाइट शिरतं आणि पाइल कापली जाते.

साखळीचं हे मोजमाप, म्हणजे साउंडिंग, करणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, साठीला टेकलेले. सगळी साइट त्यांना मामा म्हणायची. त्यांच्या खिशात शाळकरी पोरांची असते तशी लांबट वही आणि कानावर पेन्सिल. प्रत्येक गाडीनंतर साखळी टाकायची, बोटं जिथं ओली होतात तिथून वाव मोजायचे, टेप लावून खात्री करायची आणि वहीत एक ओळ लिहायची. ते काय लिहितात ते मी त्या दिवशी पाहिलंही नाही. माझं लक्ष गेजच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगरवर होतं. चोवीसपैकी बावीस गेज जिवंत आले. मी खूश.

अठ्ठावीस दिवसांनंतर केंटलेज रचलं आणि टेस्ट सुरू झाली. ऐंशी-ऐंशी टनांचे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर खचण्याचा वेग मंदावेपर्यंत वाट पाहायची. डोक्याभोवती चार डायल गेज, एक शतांश मिलिमीटर दाखवणारे, दूर रोवलेल्या खुंट्यांवरच्या आडव्या दांडीला टेकलेले. ही दांडी उन्हात तापली तर वाकते आणि पाइल खचली नसतानाही काटा हलतो. म्हणून तिच्यावर ताडपत्री. जमिनीखालच्या गेजना ही कटकट नव्हती. खाली तापमान कायम तीस अंशांच्या आसपास.

आता तो आकडा.

चारशे टनांवर सहा पातळ्यांचा सरासरी स्ट्रेन असा आला: १७०, १६५, १२०, १४०, ११०, १०. हे मायक्रोस्ट्रेन, म्हणजे एक मीटर काँक्रीट किती मायक्रॉन आखडलं. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. एवढं वजन देऊन वरचा एक मीटर भाग दोन केसांपेक्षा थोडा जास्त आखडला होता.

वरच्या पातळीवर वजन किती ते आम्हाला ठाऊक होतं: चारशे टन, जॅकनंच दिलेलं. तिथं पाइल लायनरच्या, म्हणजे पोलादी नळीच्या, आत होती, म्हणजे तिचा आकारही नक्की. त्यावरून काँक्रीटचा कडकपणा काढला. आयएस ४५६ चं सूत्र एम ४० ला ३१,६०० मेगापास्कल देतं. आमचा आला २९,४०० च्या आसपास. ठीक. आता खालच्या प्रत्येक पातळीचं वजन त्याच प्रमाणात. ४००, ३८८, २८२, ३२९, २५९ आणि शेवटी २४ टन.

वजन वरून खाली येताना कमी होत जाणार, कारण वाटेत माती थोडं थोडं उचलते. इथं साडेबारा मीटरवर ते एकदम शंभर टनांनी घटलं होतं, तेही गाळात, जो बोटानं दाबला जातो. आणि पाच मीटर खाली गेल्यावर पुन्हा सत्तेचाळीस टनांनी वाढलं होतं. ते वाढायला मधे कुणीतरी पाइलला खाली ओढायला हवं होतं. नव्या भरावाखाली गाळ बसत जातो तेव्हा तसं होतंही. तो पाइलला लटकतो. पण ते महिन्या-वर्षांचं काम असतं, आणि आमचे गेज टेस्टच्या सुरुवातीला शून्य केलेले होते. चार तासांत असं घडायला गाळाला कारण नव्हतं.

पहिला संशय स्वतःवर. टॅग उलटसुलट लावले असतील? मी टॉर्च घेऊन केबलच्या जुडग्यापाशी बसले. तिन्ही टॅग, टेपचा रंग, सिस्टर बारचा क्रमांक, सगळं जुळलं. एखादा गेज बिघडला असेल? साडेबाराचे चारही जिवंत होते आणि चारही जवळजवळ एकच सांगत होते. चार साक्षीदार एकत्र खोटं बोलत असतील तर त्यांना फितवणाराही एकच असणार.

सकाळी पाचशेसाठ टन झाले, तरी तोच खड्डा. मी माझ्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "ती पातळी काढून टाक. एक लेव्हल सदोष, असं लिही. बाकीच्या पाच जुळतात ना, मग झालं." सल्ला वाईट हेतूचा नव्हता. असं होतं, गेज बिघडतात, आलेख नीट काढावा लागतो. दुपारी मी खरंच ती पातळी सोडून आलेख काढला. सुंदर आला, तबल्याच्या बोलासारखा ठाय लयीत खाली उतरणारा. तो बघून मला बरं वाटलं आणि थोड्याच वेळात बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

चहाच्या वेळी मामा केंटलेजच्या सावलीत बसले होते. मी सहज विचारलं, "मामा, या पाइलला माल किती लागला होता?"

त्यांनी वही काढली. बोट ओलं करून पानं उलटली. "हिला? हिनं लई खाल्ला ताई. दुसऱ्या गाडीला तर साखळी टाकल्यावर मला वाटलं गाडीत माल कमी आला. म्हणून ड्रायव्हरला वर चढून ड्रम बघाय लावला. ड्रम रिकामा. मग परत साखळी टाकली. तेच."

मी वही हातात घेतली. अक्षर गिचमिड, पण आकडे ठसठशीत. सहा घनमीटरची पहिली गाडी: माल चोवीसवरून साडेसोळा मीटरवर. साडेसात मीटर चढला. एक मीटर व्यासाच्या बोअरमध्ये सहा घनमीटर माल ७.६ मीटर चढायला हवा, म्हणजे बरोबरच. दुसरी गाडी: साडेसोळावरून दहा नव्वदवर. फक्त ५.६ मीटर.

दोन मीटरचा माल कुठं गेला?

बाजूला. गाळात. लायनर सहा मीटरवर संपलं होतं. त्याखाली बोअरच्या भिंतीला बेंटोनाइटचाच काय तो आधार, आणि मऊ गाळाची भिंत कुठंतरी ढासळली होती. त्या पोकळीत काँक्रीट भरलं आणि पाइलला तिथं पोट सुटलं. सहा घनमीटर भागिले ५.६ मीटर, म्हणजे १.०७ चौरस मीटर. बाकी पाइलचं क्षेत्रफळ ०.७८५. मी हिशेबात साडेबारा मीटरला ०.७८५ धरत होते, आणि तो भाग त्यापेक्षा छत्तीस टक्के जाड होता. जाड भागावर तेच वजन जास्त जागेत पसरतं, म्हणून काँक्रीट कमी आखडतं. वजन घटलेलं नव्हतंच. १२० ला छत्तीस टक्क्यांनी वाढवलं तर वजन येतं ३८५ टन. वर ३८८, खाली ३२९. मधे ३८५ चपखल बसलं.

तरी एका वहीवर विसंबून अहवाल लिहिता येत नाही, हेही मला माहीत होतं. तेव्हा थर्मिस्टर आठवला. काँक्रीट घट्ट होताना तापतं; जिथं ते जाड असतं तिथं उष्णता अडकून राहते. लॉगर पहिल्या दिवसापासून चालू होता, पण तापमानाचा रकाना मी कधी उघडलाच नव्हता. रात्री उघडला. पहिल्या दोन दिवसांत सहा पातळ्यांमध्ये सर्वांत गरम झालेली आणि सर्वांत उशिरा थंड झालेली पातळी साडेबाराची. मामांच्या साखळीनं जे सांगितलं होतं, तेच महिनाभर माझ्या फाइलीत पडून होतं.

गेज फक्त एक गोष्ट मोजतो: काँक्रीट किती आखडलं. वजन मिळवायला त्याला कडकपणानं आणि क्षेत्रफळानं गुणावं लागतं. या तीनपैकी एकच आकडा माझ्या महागड्या उपकरणातून येत होता. क्षेत्रफळ येत होतं साखळी, वाव आणि पेन्सिलीतून, आणि मी ते ड्रॉइंगवरून उचललं होतं. ड्रॉइंगवर पाइल सरळ दंडगोल असते. जमिनीत ती जमिनीच्या मर्जीची असते.

टेस्टचा पुढचा भाग शांतपणे पार पडला. हजार टन चढले, चोवीस तास राहिले. डोकं तेरा मिलिमीटर खचलं, मर्यादा अठरा. पाइल पास. पण त्याहून बोलका होता चारशे टनांचा टप्पा, कारण इमारतीचं रोजचं वजन तेवढंच. तेव्हा डोकं साडेतीन मिलिमीटर खचलं होतं. सगळ्या पातळ्यांच्या स्ट्रेनची लांबीवर बेरीज केली तर पाइल स्वतःच सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास आखडलेली निघते. म्हणजे तळ जेमतेम केसाच्या तीन-चार जाड्यांइतका सरकला होता. साडेतेवीस मीटरवर चोवीस टन पोचले होते, शेकडा सहा. डिझाइनर ज्या तळावर निम्मं वजन टाकून बसले होते, तो तळ जवळपास रिकामा बसला होता. वजन पेललं होतं ते मुख्यतः सॉकेटच्या भिंतींनी, साडेवीस ते साडेतेवीस या तीन मीटरांत. थोडं कुजक्या खडकानं आणि मुरमानं. हजार टनांवर तळाला दोनशे टनांच्या आसपास मिळाले, तेही तळ साडेचार मिलिमीटर दबल्यावर. आधी अंग, मग पाय. अंगाला जोर लावायला एक-दोन मिलिमीटर सरकणं पुरतं. तळाला जाग यायला त्याहून बरंच जास्त लागतं.

याचा परिणाम बैठकीत दिसला. सॉकेट आणखी अर्धा मीटर खोल न्यायची चर्चा थांबली. त्याऐवजी सॉकेटच्या भिंतीवर बेंटोनाइटचा थर साचू नये, बोअर संपल्यावर फ्लशिंग आणि माल भरणं यांच्यामध्ये वेळ जाऊ नये, यावर भर दिला गेला. आणि लायनर गाळात आणखी खाली न्यायचं ठरलं.

साडेबाराची पातळी मी अहवालातून काढली नाही. ती ठेवली, मूळ आकड्यासह, दुरुस्तीसह, तापमानाच्या आलेखासह. परिशिष्टात मामांच्या वहीच्या पानाची झेरॉक्स लावली. फोनवर सल्ला देणाऱ्यांनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

ही चाचणीची पाइल होती, इमारतीच्या कामाची नव्हे. टेस्ट झाल्यावर तिच्यावर काही उभं राहिलं नाही. ब्लॉक उचलले गेले, केबली जमिनीच्या पातळीला कापल्या, वर भराव पडला. बावीस तारा तिथं आहेत, छेडणारं कुणी नाही.

त्यानंतर मी बऱ्याच साइटवर गेले. आता पहिल्या दिवशी केज बघण्याआधी मी साउंडिंग करणाऱ्या माणसाला शोधते आणि त्याची वही मागते. बहुतेक ठिकाणी ती छापील फॉर्ममध्ये असते, सगळे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेले, प्रत्येक गाडीला माल बरोबर साडेसात मीटर चढलेला. असा फॉर्म बघितला की मी काळजीत पडते.

मामांच्या त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. कडेला बेंटोनाइटचा वाळलेला डाग, आणि मधे एक ओळ, आकडा दोनदा गिरवलेला:

गाडी २. १०.९०. परत बघितलं. १०.९०.